चार किलोंची होडी



वाशीमहून समुद्र शेकडो मैल दूर. त्यात कामगार चळवळीत केस पिकलेला माणूस शिडाच्या होडीवर बोलणार, म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. पण मी सांगतो ती होडी अवघी दोन हातांची. तिला समुद्र लागत नाही. एखादे मोकळे तळे पुरते. काठावर उभा राहून माणूस बिनतारी यंत्राने तिचे सुकाणू फिरवतो आणि शिडाचा दोर सैल किंवा ताठ करतो. पुढे नेण्याचे काम वाऱ्याचे.

ही कल्पना नवी नाही. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. 1898 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी त्याच लहरींनी छोटी बोट चालवली. आज अशा शर्यतींच्या होड्यांचे अनेक वर्ग आहेत. 1988 साली ठरलेला ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा त्यांतला एक प्रसिद्ध वर्ग. मी आणि माझा एक सुतार मित्र त्याच्याच मागे लागलो.

बांधणी सुताराला सहज समजेल अशी आहे. प्लायवूडच्या चौकटी कापायच्या, सरळ फळीवर उलट्या उभ्या करायच्या आणि त्यांवर लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवायच्या. एक चौकट जरा तिरकी बसली, तरी होडी जन्मभर एका अंगाला ओढते. पट्ट्या घासून गुळगुळीत झाल्या की काचतंतूचे कापड आणि राळ चढवायची. खाली उभी पाती आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा. पाती आणि गोळा मिळून 2200 ते 2500 ग्रॅम, म्हणजे होडीचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याखाली. पाडली तरी उठून उभी राहणारी बाहुली आपण पाहिली आहे, युक्ती तीच. मात्र शिसे घरात वितळवू नका. त्याची वाफ विषारी असते, आणि साचा ओला राहिला तर तप्त शिसे अंगावर उडते.

आता मोजणीकडे वळू. होडीची लांबी 1000 मिलिमीटरपेक्षा अधिक नको, पाण्याखालची खोली 420 पेक्षा अधिक नको, आणि वजन 4000 ग्रॅमपेक्षा कमी नको. शिडे तीन ठरलेल्या मापांची. होडीच्या अंगात कार्बनचे महागडे तंतू चालत नाहीत. हे सारे कशासाठी? हलकी होडी वेगाने पळते, आणि हलकेपणा पैशाने विकत मिळतो. वजनाला तळ नसता, तर ज्याचा खिसा मोठा त्याचीच होडी पहिली आली असती. 1948 साली आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला, त्यामागचा विचारही याच जातीचा होता. स्पर्धा खुशाल करा. पण या रेषेच्या खाली उतरून नव्हे.

आमची पहिली होडी काट्यावर ठेवली, तर भरली 3940 ग्रॅम. मित्र म्हणाला, “भाऊ, साठ ग्रॅमनं काय होते? आत कोण पाहाले येते?” मी म्हणालो, “आपण पाहिलं ना!” साठ ग्रॅम शिसे आत पक्के बसवले. पुढे एके दिवशी होडी दगडावर आदळून तडकली. आम्ही ती आधी पुरती वाळवली, तड घासून मोकळी केली आणि आतून काचकापडाचे ठिगळ लावले. राळेचेही वजन असते. पुन्हा मोजली तेव्हा 4035 भरली. मग भरीच्या शिशातले पस्तीस ग्रॅम काढले आणि होडी पुन्हा चार किलोंवर आली. प्रामाणिकपणे घातलेले शिसे असे कामाला आले! दुरुस्ती झाली की मोजणी पुन्हा, हा धडा मात्र कायमचा शिकलो.

आणखी एक नियम मला फार आवडतो. स्वतःची होडी स्वतः मोजून प्रमाणपत्र द्यायचे नाही. मोजणारा माणूस तिऱ्हाईत हवा. तरुणपणी एका जिनिंगमध्ये आम्ही हमालांसाठी भांडलो. काटा मालकाचा, वही मालकाच्या कारकुनाची. आमची पहिली मागणी दरवाढीची नव्हती. काट्याजवळ आमचा एक माणूस उभा राहू द्या, एवढेच आम्ही मागितले. त्या मागणीसाठी नऊ दिवस काम बंद राहिले. मान्य झाली तेव्हा दर होता तोच राहिला, पण आठवड्याची मजुरी वाढली!

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. होडी जरूर बांधा. हात सुधारेल, वाऱ्याची आणि पाण्याची ओळख होईल. पण रंध्याच्या आधी एक चोख काटा आणा, आणि तो सर्वांना दिसेल असा ठेवा. शर्यत कोणीही जिंको. हरणाऱ्याला काट्याविषयी शंका राहता कामा नये.