बाळंतिणीचा पाय

भगिनींनो, बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका फार. आणि आपल्याकडे बाळंतिणीला खाटेवरून उतरू देत नाहीत! सासूबाई, तिला घरातल्या घरात चालू द्या, पाणी भरपूर द्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर वात समजून तेलाने चोळू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली की जिवावर बेतते. धाप लागली, छातीत कळ आली तर तडक दवाखाना गाठा.

माला-एन गोळीनेही हा धोका थोडा वाढतो. म्हणून बाळंतपणानंतर ती लगेच सुरू करू नका. तांबी बसवून घ्या, तिच्यामुळे गुठळी होत नाही. पूर्वी कधी गुठळी झाली असेल, तर गोळी घेण्याआधी नर्सबाईंना सांगा, लाजू नका.