परसातली भाजी आणि श्रमाचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली सुरू केलेल्या या वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस आणि पगारवाढ यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज भाजीवर बोलणार आहे. शाळा माझी सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि थोडेफार मातीत.

आपले पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचावर वसलेले. त्यामुळे कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर या थंड हवेच्या भाज्यांना लागणारा गारवा आपल्याला हिवाळ्यात फुकट मिळतो. तो साधावयाचा तर नवरात्राच्या सुमारास कोबी-फ्लॉवरचे बी टाकावे आणि चार-पाच आठवड्यांनी रोपे लावावीत. उशीर केला तर उन्हे तापतात आणि फ्लॉवरचा गड्डा घट्ट न धरता विस्कटतो. मग भेंडी नि गवार लावावी हेच शहाणपणाचे. मालकाशी वाटाघाटी करता येतात. ऋतूशी करता येत नाहीत!

फळभाजीला रोज निदान सहा तास ऊन हवे. पालेभाजीचे त्याहून कमी उन्हात भागते. परस नसेल तर तळाला भोके पाडलेला डबा घ्यावा. त्यात निम्मी माती आणि निम्मे कुजलेले खत भरावे. खत घरीच होते. भाजीची देठे-साले आणि वाळका पाला यांचे थर द्यावेत, ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखावी, अधूनमधून खालीवर करावे. दोन-तीन महिन्यांत त्याला मातीचा वास येऊ लागतो. यात आणखी एक पुण्य आहे. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली युनियन उभारली. ओला कचरा घरीच जिरला म्हणजे या भगिनींचे हात तेवढे घाणीतून सुटतात.

परंतु परसबागेने महागाई हटते असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. कुंडीतली मिरची ही पगारवाढीला पर्याय नव्हे. मेथी पेरा, पंचवीस-तीस दिवस पाणी घाला, तण काढा, चिमण्या हाका. शेवटी हाती येतात दोन जुड्या. आता त्या श्रमांचा हिशेब मांडा आणि मग मंडईत जुडीमागे दोन रुपये कमी करा म्हणून भाजीवालीशी घासाघीस करून पाहा. जीभ रेटत नाही! त्या मंडईला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा फुल्यांचे नाव आहे, हेही ध्यानात ठेवावे.

फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि 1890 च्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या कामाला 48 तासांची मर्यादा घातली. आपल्या बागेतली खुरपणी होते ती या मिळवलेल्या वेळात. बी आणि खत बाजारात मिळते. मोकळी सकाळ बाजारात मिळत नाही. जो उजाडण्यापूर्वी घर सोडतो आणि दिवेलागणीनंतर परततो, त्याला टोमॅटोला किती तास ऊन लागते हे सांगून काय उपयोग?

म्हणून एकच विनंती करतो. येत्या नवरात्रात बी टाकाल, तेव्हा आपल्या इमारतीचा रखवालदार आणि घरी धुणीभांडी करणारी बाई यांना आठवड्याची भरपगारी सुटी आहे की नाही, याची चौकशी करा. नसेल तर ती द्या. देणे आपल्या एकट्याच्या हाती नसेल, तर सोसायटीच्या सभेत तो विषय मांडा. पुढचे रोप कोणाच्या दारात लावावयाचे, ते त्यांचे ते पाहतील.