पैशाचे सोंग आणि कातड्याचा वाघ



वसंत ऋतूत भरणाऱ्या अशा व्याख्यानमालांत वक्त्याने काय बोलावे, याचा एक अलिखित प्रघात आहे. एक दिवस संतवाङ्मयाचा, एक अंदाजपत्रकाचा, एक हृदयविकाराचा. म्हणूनच आम्ही आमचा विषय कळविला तेव्हा येथील चालकांनी तो दोनदा विचारून घेतला. माणसांना खाणारे प्राणी, आणि तेही थोडक्या पैशांत काढलेल्या, हास्यास्पद सिनेमांतले! हा काय व्याख्यानाचा विषय झाला? चालक सज्जन आहेत. ते फक्त हसले आणि त्यांनी विषय छापला. आता तो नीट मांडण्याची जबाबदारी आमच्यावर आली आहे.

प्रथम एक आठवण सांगतो. आमच्या लहानपणी या कल्याण-कसारा बाजूच्या वसाहतींत गणेशोत्सवात रस्त्यावर सिनेमा दाखवीत. दोन बांबू, मध्ये पांढरे कापड, आणि मागे खडखडणारे यंत्र. रुळांवरून गाडी गेली की संवाद ऐकू येत नसत. समोर जागा मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्यामागे बसत असू. तिकडून चित्र उलटे दिसे. नायक डाव्या हाताने बंदूक चालवी आणि पाट्यांवरची अक्षरे वाचता येत नसत. अशाच एका रात्री आम्ही 1976 सालचा राजकुमार कोहलींचा ‘नागिन’ पडद्याच्या मागल्या बाजूने पाहिला. आपल्या नागाला मारणाऱ्या मित्रमंडळींचा एकेक करून सूड घेणारी ती नागीण! आम्ही पोरे खूप हसलो आणि खूप भ्यालोही. दोन्ही एकाच वेळी कसे घडले, हे कोडे आम्हांला पुष्कळ वर्षे सुटले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते कोडे सोडविण्याचा प्रयत्न आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे: सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या सिनेमांचे सारे रहस्य या म्हणीत आहे. निर्मात्याजवळ पैसा नसतो, पण त्याला वाघ हवा असतो, मगर हवी असते, डोंगराएवढा पक्षी हवा असतो. मग तो सोंग आणतो. पण पैशाचे सोंग मात्र त्याला आणता येत नाही, आणि ते उघडे पडते.

अमेरिकेत 1957 साली ‘द जायंट क्लॉ’ नावाचा एक चित्रपट निघाला. आकाशातून येऊन विमाने गिळणाऱ्या राक्षसी पक्ष्याची ती कथा. नटांनी चित्रण चालू असताना पक्षी पाहिलाच नव्हता. आकाशाकडे बघून भयभीत व्हा, एवढेच त्यांना सांगितलेले. पुढे पक्षी तयार झाला तो लांब मानेचा, बटबटीत डोळ्यांचा, डोक्यावर केसांचा झुबका असलेला एक बाहुला! तो पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षक खदखदून हसू लागले, आणि चित्रपटगृहात बसलेल्या नायकाला तोंड लपविण्याची वेळ आली. 1959 सालच्या ‘द किलर श्रूज’मध्ये तर राक्षसी चिचुंद्र्या हव्या होत्या, तेथे शिकारी कुत्र्यांच्या अंगावर केसाळ आवरणे चढवून त्यांना पळविण्यात आले. 1972 सालच्या ‘नाइट ऑफ द लेपस’मध्ये माणसे खाणारे प्राणी कोणते, तर ससे! लहान लहान घरांच्या प्रतिकृतींमधून ते बिचारे ससे गोंडस चेहऱ्याने धावतात आणि आपण घाबरावे अशी अपेक्षा असते.

या सिनेमांचे चाहते जगभर आहेत. असली गंमत आस्वादाचा स्वतंत्र प्रकार मानावी, असा विचार अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी 1964 साली एका प्रसिद्ध निबंधात मांडला. इंग्रजीत त्याला ‘कॅम्प’ म्हणतात. त्यांचे एक निरीक्षण मार्मिक आहे. मुद्दाम केलेल्या वेडगळपणापेक्षा, मनापासून गंभीर काही करावयास जावे आणि ते फसावे, यातली मौज अधिक शुद्ध असते. 2013 साली ‘शार्कनेडो’ नावाचा दूरचित्रवाणीपट आला, त्यात वावटळीतून शार्क मासे शहरावर पडतात. तो पाहताना हसू येते खरे. पण करणारा आपल्याकडे बघून डोळे मिचकावतो आहे हे कळते. ‘जायंट क्लॉ’चा नायक मात्र खरोखरीच घाबरलेला असतो. त्या प्रामाणिकपणामुळेच आपल्याला त्याच्याविषयी माया वाटते.

परंतु या गोष्टीसाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपला ‘सोंग’ हा शब्द त्या इंग्रजी शब्दाहून जुना आणि अधिक भरीव आहे. आमच्या या ठाणे जिल्ह्याचे 2014 साली दोन भाग होऊन पालघर वेगळा झाला. त्या बाजूला जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे रंगविलेले मुखवटे घालून गावातलीच माणसे रात्री नाचत येतात. मुखवट्याखाली कोण आहे, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. तरी मुखवटा अंगावर आला की पोर आईच्या पदरात शिरते. तेथे ‘हे खोटे आहे’ आणि ‘हे भयंकर आहे’ या दोन्ही जाणिवा शेजारी शेजारी नांदतात. ठिगळ दिसले म्हणून रस जात नाही. उलट तोच वाढतो.

दादासाहेब फाळक्यांना हे पुरते ठाऊक होते. 1919 साली त्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला. आपल्या देशातला हा अगदी आरंभीचा अक्राळविक्राळ प्राण्याचा चित्रपट म्हणावयास हरकत नाही. त्यात कृष्ण झाली होती दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी, आणि कालिया हा कारागिरीने बनविलेला सर्प. मोठी मौज अशी की, आरंभीच दादासाहेब मंदाकिनीचा चेहरा आपल्याला दाखवितात. ती निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग तिचा कृष्ण होतो. म्हणजे सोंग कोणी घेतले आहे, हे आधी सांगून मग ते आपल्याला डोहात नेतात. इतका सच्चेपणा पुढच्या कित्येकांना साधला नाही.

पुढे हिंदी पडद्यावर ही परंपरा चालूच राहिली. रामसे बंधूंनी 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, तेव्हा सारे कुटुंब घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि घरच्या माणसांनीच पडेल ते काम केले. तो भुताचा चित्रपट, प्राण्याचा नव्हे. पण काटकसरीची रीत हीच. 1992 सालच्या ‘जुनून’मध्ये पौर्णिमेच्या रात्री माणसाचा वाघ होतो. 1996 साली ‘आतंक’ आला, त्यात धर्मेंद्र आणि शार्क मासा यांची गाठ पडते. हे सारे पाहताना कोठे रबर दिसते, कोठे शिवण दिसते. आणि घरात चार माणसे मिळून पाहत असली तर त्या शिवणीवर बोट ठेवण्याचा आनंद काही निराळाच. एकट्याने पाहिला तर तो चित्रपट नुसताच वाईट. चौघांत पाहिला तर सण.

आता कोणी म्हणेल, मौज झाली, पण यात व्याख्यान देण्यासारखे काय? ते आता सांगतो.

‘नागिन’ पाहिल्यानंतरच्याच पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चाळीमागच्या गवतात एक लांब साप निघाला. मोठ्या माणसांनी काठ्या घेतल्या. कंदील धरायला आम्हांला उभे केले होते. साप मेला. मग एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “डोळे ठेचा. मारणाऱ्याचे चित्र त्याच्या डोळ्यांत राहते, जोडीदार येईल.” डोळे ठेचले. त्यानंतर आठ-दहा रात्री चाळीत कोणी नीट झोपले नाही. दारांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. कित्येक वर्षांनी सापांच्या पुस्तकात चित्र पाहिले तेव्हा आम्हांला कळले, की ती धामण होती. बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची सोबतीण. त्या रात्री कंदील आमच्याच हातात होता, हे अजून आठवते.

सिनेमाने ती समजूत निर्माण केली, असे आम्ही म्हणणार नाही. ती फार जुनी आहे. सापाला माणसाचा चेहरा स्मरून सूड घेता येत नाही, दूध हे त्याचे अन्न नव्हे, आणि गारुड्यापुढे तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीमागे. हे शाळेत शिकवितात. पण 1976 च्या ‘नागिन’मागून 1986 साली श्रीदेवींचा ‘नगीना’ आला, आणि मधे-पुढे कितीतरी आले. त्यांनी त्या समजुतीला रंग, गाणी आणि चेहरा दिला. नुकसान येथे आहे. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सरासरी वर्षाला सुमारे 58,000 माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे, घोड्याच्या रक्तापासून बनविलेले प्रतिविष आपल्याकडे आहे. परंतु सूडाची भाषा डोक्यात असली की माणूस दवाखान्याआधी मांत्रिकाकडे जातो, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

मग प्रश्न असा पडतो: ‘जायंट क्लॉ’ पाहून कोणी घारी मारल्या नाहीत, ‘लेपस’ पाहून ससे मारले नाहीत, मग नागिणीपाशीच काय बिघडले? आमच्या मते उत्तर असे आहे. त्या पक्ष्याचे ठिगळ सर्वांना दिसले, म्हणून सर्व हसले. नागिणीचे ठिगळही तसेच मोठे होते. पण आम्ही ते पाहिले नाही, कारण त्या जागी आमची श्रद्धा आधीच बसलेली होती. जेथे आपण आधीपासून भितो, तेथे शिवण दिसत नाही.

याची दुसरी बाजूही पाहा. 1975 साली स्पीलबर्गचा ‘जॉज’ आला. त्यातला यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे. म्हणून दिग्दर्शकाने तो फारसा दाखविलाच नाही, नुसते पाणी, संगीत आणि पिंपे दाखविली. गरजेपोटी झालेले हे काम इतके अव्वल उतरले की शिवण कोणालाच दिसली नाही. त्यानंतर शार्क मारणे हा पुष्कळांना पराक्रम वाटू लागला. मूळ कादंबरीचे लेखक पीटर बेंचली यांना त्याचा इतका खेद झाला की त्यांनी उत्तरायुष्य समुद्री जीवांच्या रक्षणाच्या प्रचाराला दिले. शार्क कमी होण्याचे मोठे कारण मासेमारी आहे, हे खरे. परंतु ज्याच्याविषयी कोणाला दया येत नाही, अशा प्राण्याला वाचवायला कोण उभे राहणार?

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेला एका राहत्या इमारतीत बिबट्या शिरला. काही माणसे जखमी झाली, आणि पुष्कळ तासांच्या खटपटीनंतर वनखात्याने त्याला पकडून नेले. त्या बिबट्याला कोणाचा सूड घ्यायचा नव्हता. जंगलाच्या कडेला आपली घरे, आपला कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री वाढली. तो त्या कुत्र्यांच्या मागे येतो आणि जिन्यात अडकतो. तो जिन्यात असताना आपण सिनेमातल्यासारखे वागलो, गर्दी केली, आरडाओरडा केला, दगड मारले, तर तोही सिनेमातल्यासारखा वागेल. दार लावून, गर्दी न करता वनखात्याला कळविणे हे काही रोमांचक दृश्य नव्हे. पण जीव त्यानेच वाचतात, दोघांचेही.

आणि आता तर पैशाचे सोंगही आणता येऊ लागले आहे! यंत्राच्या साहाय्याने घरबसल्या, फुकटात, अमुक गल्लीत बिबट्या फिरत असल्याचे चित्र बनविता येते, आणि ते मोबाइलवरून तासाभरात गावभर जाते. रबर नाही, शिवण नाही, बांबूला बांधलेले कापड नाही, की ज्याच्या मागे जाऊन पोरांनी बसावे. आपली म्हण खोटी ठरण्याची ही पहिलीच वेळ असावी.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. हे भोंगळ, स्वस्त, प्रामाणिक सिनेमे मुलाबाळांसह अवश्य पाहा. कोठे शिवण दिसते, कोठे माणसाचा पाय दिसतो, हे मुलांना शोधू द्या. त्यांना मनसोक्त हसू द्या, आणि भ्यायची असतील तर भिऊही द्या. ज्या डोळ्याला पडद्यावरच्या वाघाची शिवण शोधण्याची सवय लागली, तो डोळा पुढे स्वतःच्या भीतीचीही शिवण शोधील. आम्हांला ती सवय थोडी आधी लागली असती, तर त्या पावसाळ्यात कंदील धरलेल्या पोराने निदान एवढे तरी विचारले असते, की काका, हा साप कोणता?