पडणे, मळमळ आणि एक वही
(रुग्णालयाच्या पालक मेळाव्यात एका मातेने केलेले भाषण)



मला येथे बोलावले ते मी जाणकार आहे म्हणून नव्हे, तर दीड वर्ष एका कोड्यासोबत राहिले म्हणून. माझ्या कन्येला वयाच्या ७ व्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिन, ग्लुकोमीटर, दप्तरातील साखरेची पुडी हे सारे आमच्या अंगवळणी पडले होते. ती १५ वर्षांची असताना अकस्मात पडू लागली. सकाळी अंथरुणातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी येई, मळमळ दाटून येई, आणि कधी मोरीत, कधी जिन्यात ती कोसळे.

साखर उतरली असेल, हा पहिला तर्क. काही वेळा तो खरा ठरला. परंतु पुष्कळदा पडल्यावर लगेच तपासलेली साखर ११०-१२० असे. मग तर्कांचा वर्षावच झाला. पित्त, अशक्तपणा, दृष्ट, दहावीची धास्ती! अन्यत्र एका डॉक्टरांनी तिच्यासमोरच ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे सांगितले. कारण न सापडणे आणि कारण नसणे या भिन्न गोष्टी आहेत, एवढेच मी त्यांना म्हटले. मुलगी मात्र त्या दिवसापासून मळमळ लपवू लागली.

या रुग्णालयात आम्हांस प्रथम एक वही ठेवण्यास सांगण्यात आले. पडण्याची वेळ, शेवटचे खाणे, इन्सुलिनचे युनिट, साखर, तसेच निजलेल्या व उभ्या स्थितीतील रक्तदाब. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने वा खालचा १० ने उतरला, तर त्याची दखल घ्यावी लागते. तिचा वरचा ३० ने उतरत होता. इन्सुलिनची गरजही महिन्यागणिक घटत होती, आणि मुलगी लोणच्याचा खार नुसताच चाटून खात होती. बोटांचे सांधे व हिरड्या काळवंडल्या होत्या. नातेवाईक म्हणत, उन्हाने. ‘हिरड्यांना कुठले आले ऊन?’ असे तिची आजी विचारी.

सकाळी ८ वाजता रक्तातील कॉर्टिसोल तपासले, पुढील चाचणीही झाली, आणि अ‍ॅडिसनच्या आजाराचे निदान झाले. यात मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी आवश्यक संप्रेरके निर्माण करीनाशा होतात. आपल्या देशात क्षयरोग हेही त्याचे एक कारण असते. टाइप १ मधुमेहींत मात्र बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथींवर उलटते. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आता आयुष्यभर घ्यावयाच्या. ताप आल्यास ठरवून दिल्याप्रमाणे मात्रा वाढवावयाची. उलटीमुळे गोळी टिकली नाही, तर इंजेक्शन व तडक रुग्णालय. स्वतःहून गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते, हे मी येथील प्रत्येकास पुन्हा सांगते.

निदान होईपर्यंतचे दिवस कसे काढले, असे अनेक माता विचारतात. मोरीत रबरी चटई घातली, भिंतीला धरावयास दांडा बसविला. उठताना आधी पाय खाली सोडून थोडे बसावयाचे, हा नियम केला. मोरीची कडी आतून लावू नये, यावरून मात्र मोठे रणकंदन झाले. त्या वयाच्या मुलीला हे सांगणे सोपे नसते. अखेरीस तिनेच ‘आत आहे’ अशी पाटी रंगवून दाराला टांगली. शिकवणीला एकटी जाण्याचा हट्ट तिने सोडला नाही. मैत्रिणीला काय करावे ते शिकवून ठेवले आणि मी तिला जाऊ दिले. ते अर्धे तास मला कसे गेले, ते माझे मला ठाऊक.

गोळ्या सुरू झाल्यावर मळमळ थांबली, पडणेही पुष्कळ कमी झाले. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा दोनदा पडली. त्याचे कारण डॉक्टर शोधीत आहेत, आणि वही चालू आहे.