होल्डनचं बोलणं ऐकू या



संमेलनाच्या अध्यक्षाने वर्षभराच्या साहित्याचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच कादंबरीच्या भाषेबद्दल बोलणार आहे. जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ जुलै १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आपण इंग्रजीचे शिक्षक शिकवतो, पण माझ्या मते अर्धीच शिकवतो. तिच्या नायकाचं, होल्डन कॉलफील्डचं, एकटेपण, त्याच्या धाकट्या भावाचा मृत्यू, मोठ्यांच्या जगाचा तिटकारा यांवर तासच्या तास जातात. हे सगळं तो ज्या शब्दांत सांगतो, त्यांची मात्र ‘बोलीभाषा’ एवढ्या एका शब्दात बोळवण होते.

त्याने काय होतं, पाहा. होल्डनच्या खोलीत राहणारा स्ट्रॅडलेटर होल्डनच्या जुन्या मैत्रिणीला, जेनला, घेऊन बाहेर जातो. तो परतल्यावर होल्डन विचारतो, गाडीत तू तिला ‘टाइम’ दिलास का? आजचा विद्यार्थी इथे सरळ ‘वेळ दिला’ असं समजतो. त्या काळच्या अमेरिकन मुलांच्या बोलण्यात याचा अर्थ शरीरसंबंध असा होता. तो कळला नाही, तर पुढची मारामारी म्हणजे एका भांडकुदळ मुलाचा तमाशा वाटतो; जेनच्या काळजीने त्याचा जीव किती कासावीस झाला आहे, ते हातून निसटतं. ‘ओल्ड’चंही तसंच. बहीण फीबी दहा वर्षांची, तरी ती ‘ओल्ड फीबी’. ज्याच्यावर तो हात उगारतो तो स्ट्रॅडलेटरही ‘ओल्ड’च. इथे वयाचा काही संबंध नाही. एकाच शब्दाने तो माणसाला जवळ घेतो किंवा झिडकारतो, आणि कोणतं ते फक्त सुरावरून ओळखायचं असतं.

डोनाल्ड कॉस्टेलो यांनी १९५९ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या भाषेचा बारकाईने अभ्यास केला. पन्नासच्या दशकातल्या किशोरांच्या बोलण्याचा नमुना म्हणून ही कादंबरी पुढे अभ्यासली जाईल, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. ते खरं ठरलं. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये: हा आवाज घडवलेला आहे. पुस्तक आलं तेव्हा सॅलिंजर बत्तीस वर्षांचे होते, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले माजी सैनिक होते. होल्डनच्या कथा १९४५ आणि १९४६ मध्येच मासिकांत येऊन गेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी काय निवडलं आणि काय गाळलं, हे पाहण्यासारखं आहे. चाळीसच्या दशकात जॅझवाल्यांच्या तोंडून आलेले चटकदार शब्द तरुणांत खेळत होते; होल्डनच्या तोंडी त्यांतले फार थोडे आहेत. ‘फोनी’, ‘लाउझी’, ‘स्वेल’ हे त्याचे हुकमी शब्द त्याच्या जन्माआधीच अमेरिकेत रुळलेले होते. पुस्तक लवकर शिळं झालं नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं. दुसरं कारण वाक्यांच्या ठेवणीत आहे. वाक्याच्या शेवटी येणारं ‘अँड ऑल’, आपण खरंच बोलतोय हे पुन्हा पुन्हा बजावणं, मोजक्या विशेषणांवर सगळं दुःख आणि सगळा आनंद भागवणं. या मुलाकडे शब्द थोडे आहेत आणि सांगायचं फार आहे. ‘कोसला’ ही मराठी कादंबरी १९६३ मध्ये आली, तेव्हा तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या, ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’मधून मराठी वाचकाने असंच अडखळणं ऐकलं होतं. म्हणून होल्डनला समजून घ्यायला आपला कान तयार आहे, असं मी मानतो.

आता शिव्यांबद्दल. त्यांच्यापायी हे पुस्तक अमेरिकेतल्या अनेक शाळांतून हटवलं गेलं. टल्सा शहरात १९६० मध्ये ते वर्गात लावल्याबद्दल एका शिक्षिकेची नोकरी गेली. तिला पुन्हा कामावर घेतलं गेलं, पण पुस्तक गेलं ते गेलंच. आक्षेप घेणाऱ्यांनी फीबीच्या शाळेचा प्रसंग नीट वाचला असता तर? भिंतीवर लिहिलेला अश्लील शब्द लहान मुलांच्या नजरेला पडू नये, म्हणून हाच शिवराळ मुलगा तो हाताने पुसतो. ‘गॉडडॅम’ त्याच्या बोलण्यात उठता-बसता येतं, पण भिंतीवरचा तो शब्द तो स्वतः कुणाला शिवी म्हणून वापरत नाही. त्याची नीती या फरकात आहे. शिव्या गाळलेला होल्डन वर्गात आणला, तर हा फरकच पुसला जातो.

अनुवादकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याला प्रमाण मराठीत सभ्य करू नका, आणि आजच्या कॉलेजच्या कट्ट्यावरची भाषाही त्याच्या तोंडी घालू नका. ती दहा वर्षांत विटेल. सॅलिंजरनी निवडले तसे मुरलेले, टिकाऊ शब्द शोधा. प्राध्यापकांना विनंती आहे की पहिले दोन तास या कादंबरीवर व्याख्यान देऊ नका, ती मोठ्याने वाचून दाखवा. आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी अशा प्रत्येक कादंबरीसोबत त्या काळच्या बोलीची एक छोटी शब्दसूची विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. हे काम या संमेलनातल्या मंडळींनीच करायचं आहे. ते आपण याच वर्षी हाती घेऊ या.