ओढणी अडकली, की यंत्र उघडं होतं?

(लालबाग येथे लहान कारखान्यांतल्या कामगार बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्यातल्या कितीजणींच्या आया-सासवा गिरणीत वाइंडिंग, रीलिंग खात्यात होत्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या आणि बायका गाळ्यांतल्या कामाला लागल्या. कुणी इथल्याच, कुणी लोकलने पार वसईच्या.

मी ड्रिलवर होते तेव्हा शेजारणीची ओढणी स्पिंडलमध्ये गुंडाळली गेली. कुणीतरी धावत जाऊन भिंतीवरचा स्विच बंद केला, म्हणून गळा वाचला. मालक म्हणाला, "कपडे सांभाळता येत नाहीत?" आम्हालाही ते पटलं. आज त्याची लाज वाटते. स्पिंडलला आडोसा का नव्हता, स्विच तिच्या हाताशी का नव्हता, हे आम्ही एकीनेही विचारलं नाही.

१९४८च्या कारखाना कायद्यात, कलम २१मध्ये, यंत्राचे धोक्याचे भाग झाकायची जबाबदारी मालकावर होती. कलम २२ने चालत्या शाफ्ट-पट्ट्यांची सफाई, तेलपाणी बायकांना बंद केलं. तिथे घट्ट कपड्यांतला, शिकवलेला पुरुष चालत असे. पुरुषाचं बोट काय लोखंडाचं असतं? बाईला लांब ठेवण्यापेक्षा यंत्र झाका! आणि हा कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा कामगारांच्या कारखान्याला लागू होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या संहितेत दहाचे वीस झाले. म्हणजे आपला गाळा बाहेरच.

तेव्हा आपणच बघायला शिकू. पायाने चालणारा पॉवर प्रेस घ्या. एक हात डायमध्ये असताना पाय पडला की बोटं गेली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस उतरू नये, अशी सोय करता येते. गार्ड असतो, पण नगावर पैसे मिळतात, म्हणून आपणच तो काढून ठेवतो. दर वाढवून मागणं हीसुद्धा सुरक्षितताच, हे युनियनवाल्यांनाही सांगायला हवं. ड्रिलवर हातमोजे घालू नका, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. जॉब हातात धरू नका, वाइसमध्ये आवळा. चकची चावी काढूनच बटण दाबा. बुरादा ब्रशनेच काढा, तोही मशीन थांबल्यावर.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या मशीनचं चित्र काढून आणा. जिथे बोट, केस, बांगडी जाऊ शकते तिथे लाल खूण करा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. खुणा मोजून आपण मालकाकडे काय मागायचं ते ठरवू.