चूक कोणाची?



जेथे वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांवर बोलले जाते, तेथे एका कामगार-संघटकाने घरगुती यंत्राच्या दुरुस्तीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु चूक कोणाची हे ठरवावे कसे, हा माझ्या कामातला रोजचाच प्रश्न आहे. नग बिघडला की कारखान्यात पहिला संशय कामगारावर. आणि तोच कामगार हौसेने घरी छोटे सी.एन.सी. यंत्र मांडतो, तेव्हा त्याचा पहिला संशय मोटरवर! दोन्हीकडे पुराव्याआधीच निकाल.

आकड्यांच्या हुकमाने चालणारे मिलिंग यंत्र 1952 साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत चालवून दाखविण्यात आले. आज तशा जातीचे यंत्र घरच्या टेबलावर मावते. ‘सर्वो’ हा शब्द लॅटिन भाषेतील दास या अर्थाच्या शब्दावरून आला. मात्र हा दास डोळस आहे. साधी स्टेपर मोटर हुकूम घेते, पण तो पार पडला की नाही हे कळवीत नाही. सर्वो मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर असतो. शाफ्ट किती फिरला याचा हिशोब तो ड्राइव्हला देतो. हुकूम आणि हिशोब यांत अंतर पडले की ड्राइव्ह ते भरून काढतो. अंतर मर्यादेबाहेर गेले तर यंत्र थांबवितो.

मग नग चुकतो कसा? एन्कोडर साक्ष देतो ती मोटरच्या शाफ्टची, हत्याराची नव्हे. मध्ये कपलिंग आहे, स्क्रू आहे, नट आहे. कचेरीतला कागद ‘सर्व ठीक’ म्हणत असला, तरी खात्यात काय चालले आहे हे खात्यात जाऊनच पाहावे लागते. तसा येथे टेबलाला डायल गेज लावावा लागतो.

चुकीलाही स्वभाव असतो. 100 मिलिमीटर सांगितले तर 99 आणि 200 सांगितले तर 198 भरतात, म्हणजे चूक अंतराच्या प्रमाणात आहे. तेव्हा नियंत्रकात भरलेला दर मिलिमीटरचा आकडा तपासा. दिशा उलटतानाच ठरावीक चूक येते, म्हणजे स्क्रू-नटात किंवा बेअरिंगमध्ये प्ले आहे. वेग एकदम वाढवितानाच यंत्र अडते आणि वेगवाढ कमी केली की चालते, म्हणजे टेबल जड जात आहे, विजेचा पुरवठा अपुरा आहे किंवा ड्राइव्हची जुळणी बिघडली आहे.

चौथी चूक लबाड: दर फेरीला थोडी थोडी साचणारी. समजा, एन्कोडर 1000 रेघांचा आहे. ड्राइव्ह एका रेघेचे चार मोजतो, म्हणजे एका फेऱ्याला 4000. त्या फेऱ्यात स्क्रू टेबलाला 5 मिलिमीटर नेतो, म्हणजे मिलिमीटरला 800. यातले 80 हरवले की दशांश मिलिमीटर गेला! येथे शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवरून एक सरळ रेघ ओढा. टेबल वीस वेळा पुढेमागे नेऊन शून्यावर आणा. वीज तोडा, मगच वाकून पाहा. रेघ तुटली असेल, तर कपलिंग निसटते आहे. त्याचा ग्रब स्क्रू आवळा. रेघ अखंड असून टेबल चुकले असेल, तर हुकमाचे किंवा एन्कोडरचे ठोके वाटेत हरवत आहेत. एन्कोडरची केबल मोटरच्या वीजतारांपासून दूर घ्या, जोड पाहा, अर्थिंग ड्राइव्हच्या पुस्तकाप्रमाणे करा.

पुष्कळ जण आरंभीच ड्राइव्हचे आकडे फिरवू लागतात. सैल कपलिंग आकडे वाढवून घट्ट होत नाही. उलट मोटर थरथरू लागते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

एका कारखान्यात बिघडलेल्या नगांबद्दल एका तरुणाला आरोपपत्र मिळाले. पडद्यावरचा आकडा बिनचूक होता, म्हणून दोष त्याचा, असे साहेबांचे म्हणणे. चौकशीत आम्ही एकच मागितले : डायल लावा. डायल लावला, आणि कपलिंग निसटताना सर्वांनी पाहिले. आरोपपत्र मागे घेतले गेले. ते यंत्र लाखोंचे होते, तुमचे टेबलावरचे आहे. साक्षीपुराव्याचा कायदा मात्र एकच. म्हणून घरी यंत्र मांडणाऱ्या मुलांना माझे सांगणे आहे की, मोजायला शिका. ही विद्या उद्या खात्यात तुमच्या आणि तुमच्या सोबत्याच्या भाकरीचे रक्षण करील.